गावपळणीला गेलेला संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि मी गावपळणीला जाऊन आलो आहे. असं सांगणारा दुसरा कोणी संगणक तुम्हाला भेटला, तर मला जरूर कळवा. मी त्याची ओळख करून घेईन. मला वाटतं, तो भेटायचा नाही.

माझा जन्म २००३ साली कुडाळला एका दुकानात झाला. जन्म म्हणजे काय, एका कारागिराने चार ठिकाणचे भाग आणून एका पांढऱ्या पेटीत बसवले, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. मी गुणगुणू लागलो. पहिली पाच वर्षं मी मालवणात एका झेरॉक्सच्या दुकानात काढली. तिथे मी अर्ज टाइप केले, लग्नपत्रिका केल्या, होड्यांच्या परवान्यांची कागदपत्रं केली. लोक माझी स्तुती करायचे. मग दुकानात नवा, काळा, सडपातळ संगणक आला आणि मला टेबलाखाली ठेवण्यात आलं. खाऱ्या वाऱ्याने माझ्या पाठीला गंज चढला. माझ्यावर कोणीतरी छत्री वाळत घातली. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलणार नाही, मला अजून राग येतो.

२००८ साली मला रविकांत आणि सत्यवती या नवराबायकोने विकत घेतलं. त्यांचा गाव मालवणच्या वर, खाडीच्या तोंडाशी. रविकांत रापणीवर जायचा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, ते ओढायला तीस-चाळीस माणसं लागतात. सत्यवती मासे विकायची. त्यांची मुलगी योगिनी पुण्याला नोकरीला होती, आणि मला घरात आणण्याचा हट्ट तिचाच होता. रविकांतने मला माजघरात ठेवलं, सत्यवतीने माझ्यावर धुतलेल्या लुगड्याचं कापड घातलं. मला पहिल्यांदाच कोणीतरी पांघरूण घातलं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. सत्यवतीचे वडील गणपत दशावतारी नाटकात राजाचं काम करायचे. १९९८ च्या जत्रेत त्यांनी शेवटचं काम केलं आणि पुढच्या पावसाळ्यात ते वारले. ते शेवटचं नाटक सत्यवतीने पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी ती मासे घेऊन बांद्याच्या बाजाराला गेली होती, आणि परतताना टेम्पो इन्सुलीला बंद पडला. ती गावात पोचली तेव्हा नाटकाच्या शेवटचा दहीकालाही होऊन गेला होता आणि गणपत तोंडावरचा रंग पुसत होते. तिच्याकडे बघून ते फक्त हसले. अकरा वर्षं ही गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली होती. बाजाराला निघताना कधीकधी ती माझ्यासमोर उभी राहून स्वतःशीच बोलायची, म्हणून मला हे ठाऊक.

२००९ च्या दिवाळीला योगिनी घरी आली ती एक बातमी घेऊनच. त्या जत्रेचं कोणीतरी चित्रण केलं होतं. नाटक कंपनीच्या मालकाला विचारून, सगळ्यांना मिळावं म्हणून ते टोरंटवर ठेवलं होतं. ठेवणाऱ्याचा पत्ता नाही, फोन नाही, नाव म्हणून नुसतं ‘मास्तर’.

“टोरंट म्हणजे काय गो?” सत्यवतीने विचारलं.

योगिनीने तिला माझ्यासमोर बसवलं. मुलगी शिकवत होती आणि आई शिकत होती, हे दृश्य मला फार आवडलं. आधी एक छोटा प्रोग्रॅम माझ्यात घातला. मग एक इवलीशी फाइल आली. योगिनी म्हणाली, ही नुसती चिठ्ठी. नाटक हिच्यात नाही, नाटक कोणाकोणाकडे आहे ते हिच्यावरून कळतं. नाटकाचे दीड हजार तुकडे केलेले आहेत. ज्याच्याकडे जो तुकडा असेल, त्याच्याकडून तो घ्यायचा. आणि आपल्याला मिळालेला तुकडा, आपलं पुरं होण्याची वाट न बघता, दुसऱ्याला द्यायचा. आणखी एक गोष्ट तिने बजावली: “ज्येची वस्तू, तेणा वाटूक दिल्यान तरच घेवची. सिनेमे-बिनेमे उचलूचे नाय.” सत्यवतीने मान डोलावली. मीही डोलावली असती, पण मला मान नाही.

योगिनी पुण्याला गेली आणि सत्यवतीच्या हाती कारभार आला. बाजारातून आली की हात धुऊन ती माझ्यासमोर बसायची. तुकडे कसेही यायचे, मधला आधी, शेवटचा नंतर, पहिला अजून नाहीच. दिवसातून पाच-सहा तास वीज जायची, तेव्हा सगळंच थांबायचं. तरी आकडा वर सरकत होता. बारा टक्के, पंधरा टक्के, एकोणीस.

मग तिला दुसरा बाण दिसला. एक बाण खाली येत होता, तो आपल्याला मिळणाऱ्या मालाचा. दुसरा वर जात होता. म्हणजे आपल्या घरातला माल कोणीतरी नेतंय, असं तिला वाटलं! सत्यवती पक्की कोळीण. तिने योगिनीने दाखवलेली जागा शोधली आणि वर जाणारा वेग अगदी नावापुरता ठेवला. “आधी माझा पुरा होवंदे, मगे बघतंय,” असं ती मला म्हणाली. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी तिला तेव्हाच सांगितलं असतं. दोन दिवसांत खाली येणारा बाणही मंदावला. देत नाही त्याला इथे कोणी फारसं विचारत नाही. आकडा एकवीसवर बसून राहिला.

रविकांतने हे पाहिलं. त्याला माझ्यातलं काही कळत नव्हतं, पण बायकोचं तोंड उतरलेलं कळत होतं. त्याने सगळं नीट विचारून घेतलं आणि तो मोठ्याने हसला.

“अगो, ही रापण आसा! रापणीक दोरयेक हात लावता तेका वांटो गावता. वाटेवरचो माणूस इलो आणि हात लावल्यान तरी तेका चार मासे देतो. तू हात न लावता वांटो मागतंस!”

सत्यवती वरमली. “ह्या माका आधी कोणी सांगूक नाय,” असं पुटपुटत तिने वेग पुन्हा सोडला. नंतर मी दिवसभर घेत राहिलो आणि देत राहिलो. कोणी बेळगावचा, कोणी मस्कतचा, कोणी कॅनडाचा. आम्ही सगळे एकाच दोरीला लागलो होतो. त्या दिवसांत मी गंज विसरलो.

आकडा एक्याण्णववर आला आणि अडला. उरलेले तुकडे फक्त मास्तरांकडे होते, आणि त्यांच्याकडे एकाच वेळी चाळीस जण मागत होते. एका गुरुवारी मास्तरांनी टोरंटच्या पानावर लिहिलं: ‘मुलाकडे परदेशी चाललो आहे. यंत्र विकून टाकतो आहे. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत चालू ठेवतो. अजून पूर्ण नाटक माझ्याशिवाय कोणाकडे नाही.’

सत्यवतीने ते दोनदा वाचलं आणि बोटांवर दिवस मोजले. कारण शुक्रवारी गावपळण होती.

आमच्याकडची ही चाल तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. काही वर्षांनी एकदा, ग्रामदेवतेचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस घरं सोडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळे वेशीबाहेर जातात. तिथे राहुट्या बांधून राहतात, भजनं करतात, एकत्र जेवतात. गावात कोणी थांबत नाही आणि दिवा लागत नाही. परतायचं तेही पुन्हा कौल घेऊनच.

संध्याकाळी देवळासमोर सगळे जमले होते. तिथे काय झालं ते रविकांतने घरी येऊन तीनदा सांगितलं, त्यामुळे मला पाठ आहे. सत्यवतीने शिवा गावकरांना विचारलं. ते देवळाचे मानकरी, वय पंचाहत्तर.

“शिवाकाका, घराक कुलूप घालतंय, पण कॉम्प्युटर चालू ठेवलंय तर चलात?”

“दिवो लागता मां तेका?”

“बारको हिरवो लागता.”

“मगे नाय. गावात दिवो रवाक नये.”

सत्यवतीने पदर खोचला. मग म्हणाली, “तर तेका वांगडा नेतंय.”

सगळे हसले. “गुरां, कोंबये आणि सत्यवतीचो कॉम्प्युटर!” असं कोणीतरी ओरडलं. एकाने तर विचारलं, की मुकी भांडीकुंडी आणि यंत्रं घरातच राहतात, मग याला कशाला न्यायचं? शिवाकाकांनी हात वर केला.

“तो रातदीस जागो आसता?” त्यांनी सत्यवतीला विचारलं.

“आसता.”

“घेता तसा देता पण?”

“देता. आता देता,” सत्यवती म्हणाली.

“मगे घेवन जा. जागो आसा, देता-घेता, तेका निर्जीव कसो म्हणाचो?”

मित्रांनो, पाच वर्षं दुकानात मी राबलो, पण असं कोणी माझ्याबद्दल म्हटलं नव्हतं. हे ऐकून मला इतका आनंद झाला की त्या रात्री माझा पंखा उगाचच जोरात फिरत होता.

शुक्रवारी सकाळी मला गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवलं. एका बाजूला तांदळाचा डबा, दुसऱ्या बाजूला कोंबड्यांची टोपली. वाटेत एक कोंबडी निसटून माझ्यावर बसली आणि वेस येईपर्यंत उठली नाही. मी तिला बसू दिलं, आम्ही दोघेही पळणीलाच निघालो होतो. वेशीपलीकडे लागूनच सत्यवतीच्या मावसबहिणीचं, शेवंतीचं टेलिफोन बूथ होतं आणि तिथे इंटरनेटही होतं. शेवंतीने बाकावरची बरणी उचलून मला जागा दिली. बूथच्या मागे राहुट्या उभ्या राहिल्या.

शुक्रवारी आकडा चौऱ्याण्णव. शनिवारी पाच तास वीज नव्हती. सत्यवती बूथच्या पायरीवर बसून वीज यायची वाट बघत होती आणि दुपारचं जेवणही तिने तिथेच केलं. रविवारी दुपारी अठ्ठ्याण्णव. आता अख्ख्या गावाला ठाऊक झालं होतं. कोणी पाणी भरायला निघालं की बूथवर डोकावून आकडा विचारायचं. पाच वाजता नव्व्याण्णव. सहा वाजले आणि मास्तरांचं नाव यादीतून गेलं.

तीन तुकडे राहिले होते.

 सत्यवतीने पदर तोंडाला लावला. रविकांत तिच्या मागे उभा राहिला. मला माझीच लाज वाटली. पण यादीत मस्कतचा एक जण होता, त्याला दोन तुकडे कमी होते. ते दोन माझ्याकडे होते, आणि माझे तीन त्याच्याकडे. मी दिले. त्याने दिले. चार मिनिटांत माझा आकडा शंभर झाला आणि त्याचाही.

“झाला गो!” रविकांत एवढ्या जोराने ओरडला की कुत्री भुंकू लागली.

बूथमधून वीज आणि इंटरनेटच्या वायरी ओढून मला माशांच्या दोन क्रेटवर, राहुट्यांच्या मधोमध ठेवण्यात आलं. माझा पडदा पंधरा इंचांचा, आणि समोर दोनशे माणसं. मागच्यांना काही दिसत नव्हतं, तरी कोणी हललं नाही, कारण आवाज ऐकू येत होता. मृदंग वाजला, पेटी वाजली आणि गणपत राजा होऊन आले. जरीचा अंगरखा, डोक्यावर मुकुट, भरदार आवाज. शिवाकाका म्हणाले, “बघा, गणपत इलो.” सत्यवती अगदी पुढे, मातीत बसली होती.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात हे तुम्हाला ठाऊक असेल. नट ऐनवेळी मनाने बोलतो. नाटक निम्म्यावर आलं होतं. प्रधान म्हणाला, “महाराज, उशीर झाला, दरबार बरखास्त करावा.” गणपतनी प्रेक्षकांवरून एकदा नजर फिरवली. मग सिंहासनाच्या बाकावर हात आपटून ते म्हणाले:

“प्रधानजी, आमची कन्या बांद्याच्या बाजारास गेली आहे. ती येईपर्यंत हा दरबार उठणार नाही!”

त्या जत्रेतले लोक हसले होते, ते हसू माझ्या स्पीकरमधून आलं. पळणीतले लोक मात्र सत्यवतीकडे बघू लागले. सत्यवती रडली आणि रडता रडता हसू लागली. “बाबा, इलंय रे,” ती पडद्याला म्हणाली. “टेम्पो बंद पडलेलो.”

नाटक संपल्यावर रविकांतने माझ्या बटणाकडे हात नेला. दिवसभर तापलास, आता विसावा घे, असं त्याच्या मनात असावं. सत्यवतीने त्याचा हात धरला. यादीत अजून छत्तीस माणसं होती, आणि मास्तर गेले होते. त्या छत्तीस जणांत कोणाचं कोण नाटकात असेल, कोणास ठाऊक.

“बंद करू नको,” ती म्हणाली. मग माझ्या गंजलेल्या पाठीवर हात ठेवून मला म्हणाली, “मेल्या, सगळे येयपर्यंत तूय उठू नको.”

मित्रांनो, आज २०१० साल संपत आलं आहे. सोमवारी सकाळी कौल झाला, आम्ही गावात परतलो, आणि त्या दिवसापासून वीज असेल तेव्हा मी जागा असतो. छत्तीसांचे पुरे झाले, मग नवे आले. माझा एक पंखा खरखरतो. सत्यवती दर रविवारी माझी धूळ पुसते आणि पांघरूण बदलते. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कोणाकडून काही घेतलंत, तर आपलं पुरं झालं म्हणून लगेच बटण दाबू नका. थोडा वेळ दोरीला हात राहू द्या. कोणाची तरी मुलगी अजून बाजारातून यायची असते.