सोवळ्यातली मंडळी

हातमोजा घातलेल्या हाताने तिने काचेची बशी उजेडाकडे धरली. जंतू नसलेल्या पेटीतल्या कोंबडीच्या पिल्लांच्या विष्ठेतून बशीभर पिवळट जंतू उगवले होते. तिथे एकही असायला नको होता.

बाबा शेजारच्या पेटीत खाद्य ओतत होते. आई गेल्यावर त्यांना घर खायला उठायचं, म्हणून तिनेच त्यांना प्रयोगशाळेतल्या पिल्लांच्या कामाला लावलं होतं. एका पेटीतल्या पिल्लांच्या पोटात मोठ्या कोंबडीकडून घेतलेले जंतू सोडलेले, दुसरीतल्यांच्या पोटात एकही नाही. बाबा या दुसऱ्यांना ‘सोवळ्यातली मंडळी’ म्हणत. खाद्य दोघांना एकच. त्यातली किती प्रथिनं अंगी लागतात, किती वाया जातात आणि त्यात जंतूंचा वाटा किती, हे तिला शोधायचं होतं. तिची सगळी उमेद त्यावर होती. सोवळ्यातल्यांना शिवायचं ते पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून.

“बाबा, पेटी कुणी उघडली होती का?”

त्यांनी डबा खाली ठेवला.

“मी. एक पिल्लू मरायला टेकलं होतं गं.”

“मग हातमोजे होते ना!”

“तेव्हाही होतेच की.”

दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत आईला उघड्या हाताने कुणी शिवायचं नाही, हे डॉक्टरांपेक्षा तिनेच जास्त बजावलं होतं. सगळ्यांनी आशा सोडल्यावर, शेवटच्या संध्याकाळी, आई बाबांच्या हातमोज्याचं बोट ओढत राहिली. बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान हलवली, नको. ते ‘नको’ तिला अजून धड झोपू देत नव्हतं.

“जगलं का ते पिल्लू?”

“कुठलं जगतंय! पण हातावर गेलं.”

प्रयोगावर पाणी पडलं होतं, सगळं पहिल्यापासून करायला हवं होतं. उरलेली पिल्लं मात्र एकमेकांना ढकलत खुशाल दाणे टिपत होती. आपलं सोवळं मोडल्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

बाबा बेसिनपाशी जाऊन हात धुवू लागले, तिने शिकवलं होतं तसे, कोपरापर्यंत. त्यांचं धुणं संपेचना. शेवटी तिनेच नळ बंद केला आणि त्यांचा ओला हात हातात घेतला.

तिचा हातमोजा तसाच होता. बाबांनी त्याचं एक बोट चिमटीत धरून ओढलं, मग दुसरं, आणि थांबून तिच्याकडे पाहिलं.

या वेळी तिने मान हलवली नाही.