मामंजींची पाठ

"वाका, अंकल. अजून थोडं."

"नाही वाकत. काय करशील?"

म्हैसूरच्या चामराजपुरमातल्या त्या दवाखान्यात माझे सासरे, भुजंगराव, खांबासारखे ताठ उभे होते. वर्षिणी नावाच्या पोरसवदा फिजिओथेरपिस्टने त्यांच्यापुढे हात जोडायचेच काय ते बाकी होते. मी खुर्चीत बसून मजा बघत होते. खोटं कशाला बोलू? लग्न होऊन आले तेव्हापासून हा माणूस माझ्या पाठीत वर्तमानपत्राची सुरळी हाणत आला होता. पोळ्या लाटताना, ऑफिसचं काम करताना, एकदा तर माझ्या आईसमोर. "कुबड काढून बसू नकोस! शिपायाच्या घरची सून आहेस." यांचे खापरपणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते म्हणे. हे स्वतः मेटगळ्ळीच्या कारखान्यात सुपरवायझर. पण छाती अशी फुगवायचे, जसा काही घोडा दारातच बांधलाय.

"रोज सकाळी टाचा, पाठ, डोकं भिंतीला लावून उभे असतात," मी चुगली केली. "यांच्या घराण्याची पद्धत आहे."

"अय्यो, ते पहिलं बंद करा!" वर्षिणी म्हणाली. "अंकल, नोडी, बघा, कण्यात नसांची वाट बारीक झालीय. तुम्ही ताठ उभे राहता ना, ती अजून आवळते, म्हणून पाय बधिर होतात. पुढे झुकलं की मोकळी होते. वॉकर धरून झुकून चाला. पायातली ताकद गेली तर परत येईलच असं नाही."

"आणि दसऱ्याला?" मामंजींनी विचारलं.

तिला काय कळणार! दसऱ्याला आमच्या भावकीतला सगळ्यात वडील पुरुष घरची तलवार घेऊन बन्नीच्या झाडापर्यंत, म्हणजे शमीपर्यंत, सगळ्यांच्या पुढे चालतो. त्याला ओलांडून कोणी जायचं नाही. ज्या वर्षी त्याला जमणार नाही, त्या वर्षी तलवार धाकट्या भावाकडे जाते ती कायमची. धाकटे म्हणजे तिरुमलराव. दोघा भावांत विस्तव जात नव्हता.

"झुकूनच न्या की," वर्षिणी म्हणाली.

"झुकून? तलवार? त्यापेक्षा माझं मढं न्या!"

रिक्षात मी म्हटलं, "जन्मभर दुसऱ्यांच्या पाठी सरळ केल्यात. आता स्वतः वाका."

"साकु, पुरे झालं, यशस्विनी. तुला आनंद झालाय."

"झालाय."

ते रिक्षाच्या उघड्या बाजूने बाहेर बघत राहिले.

घरी वॉकरवर टॉवेल वाळायला लागले. सकाळी मी उठायच्या आत मामंजी भिंतीला लागलेले असायचे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अण्णांना कोण सांगणार?" मीही म्हटलं, मरू दे. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.

दसऱ्याला मामंजी जरीचा फेटा बांधून, तलवार खांद्याशी धरून निघाले. चाल अशी, की बघणारे थांबत होते. अर्ध्या वाटेवर सायकलच्या दुकानापाशी मात्र ते उभे राहिले. मागे सगळी भावकी थांबली. आधी वाटलं, दम घेताहेत. मग धोतराचा काठ थरथरताना दिसला.

"अण्णा, दे इकडे," मागून तिरुमलराव म्हणाले. "उगीच तमाशा कशाला?"

आवाजात साखर होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकांनी मागे राहायचं असतं. मी सरळ पुढे, मामंजींच्या बाजूला गेले.

"वाका."

"मागे जा."

"वाका म्हणते ना! आता पडाल, आणि तलवार जाईल त्यांच्या घरी. तेच हवंय?"

त्यांनी मला कन्नडमध्ये अशी शिवी दिली, की घरात कधी ऐकली नव्हती. आणि वाकले. एक हात मांडीवर, दुसऱ्या हाताने तलवार पोटाशी धरलेली, फेटा रस्त्याकडे. थोड्या वेळाने पाय हलले. झाडापर्यंतची उरलेली वाट ते तसेच चालले. त्यांना ओलांडून कोणी गेलं नाही.

पूजा झाली. त्यांना परत सरळ होता येईना. कट्ट्याचा आधार घेऊन वाकूनच उभे राहिले. पहिलं सोनं घरच्या सुनेने द्यायचं, म्हणून पानं घेऊन मी पाया पडायला खाली वाकले. दर वर्षी वाकलं की त्यांची फक्त बोटं दिसायची. आज तोंडच समोर होतं, वीतभर अंतरावर. मामंजी रडत होते.

"बघू नकोस," ते पुटपुटले.

माझ्या मागे तिरुमलराव पानं घेऊन उभे होते. मी उठले की त्यांचाच नंबर. मी उठले नाही. पदर पसरला आणि पुन्हा पायांवर डोकं ठेवलं.

"अगं, आटप की!" मागून कोणीतरी म्हणालं.

"पाया पडतेय ना! दिसत नाही?" मी खालूनच ओरडले आणि मामंजींनी फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसून होईपर्यंत तशीच राहिले.