चाळीस कड्या

"चाळीस कड्या गेल्या कुठे?"

सुंदररावांनी तिसऱ्यांदा बेरीज केली आणि पेन्सिल टेबलावर आपटली. "त्या दगडापासून या दगडापर्यंत बरोबर तीन मैल. एकशे अठ्ठावन्न चेन, चाळीस कड्या. आपलं माप नुसतं एकशे अठ्ठावन्न भरतंय. उरलेल्या चाळीस फुटांवरून गाडी उडी मारणार आहे का?"

फसली तेराशे छत्तीसचा, म्हणजे इंग्रजी सव्वीस-सत्तावीसचा हिवाळा होता. घाटनांदूरच्या माळावर निजाम सरकारच्या रेल्वेची आखणी चालू होती. सुंदरराव या तुकडीचे सर्व्हेअर. वय सत्तावीस, पहिलीच स्वतंत्र कामगिरी. परवा मोठे साहेब तपासणीला येणार होते.

टेबलासमोर दोन माणसे उकिडवी बसली होती. शहादेव चेनीचे पुढचे टोक ओढायचा, तात्याबा मागचे टोक धरायचा. शंभर फूट लांब, शंभर कड्यांची ती पोलादी चेन दोघांच्या मध्ये गुंडाळून ठेवलेली होती.

"तात्याबा, चेनीची मूठ खुणेवर धरतोस की अंदाजानं?"

"खुनंवरच धरतो, सायेब."

"तुला खूण दिसते का?"

तात्याबाने डोळे चोळले. गेल्याच्या मागच्या बाजारच्या दिवशी तो तालुक्याच्या गावी, आंब्याला, दवाखान्यात डोळ्यांत औषध घालायला गेला होता, हे सगळ्या तळाला ठाऊक होते.

"उद्यापासून तू नको," सुंदरराव म्हणाले. "दुसरा माणूस बघतो."

शहादेवच्या हाताची बोटे चेनीवरून फिरत होती. ती सकाळपासून थांबत नव्हती.

शहादेव केजचा. तीस वर्षे तो चेन ओढत होता, आधी जमिनीच्या मोजणीत, मग सडकेच्या, आता रेल्वेच्या. त्याला इंग्रजी शब्द सात-आठच येत, आणि त्यातला 'चेन' हा एक त्याला जाईल तिथे भेटे. मोठ्या साहेबांच्या घड्याळाला चेन होती. मिस्त्रीच्या सायकलीची चेन दर आठवड्याला उतरे, आणि मिस्त्री तिला आईबहिणीवरून शिव्या देई. नवऱ्याची नोकरी चेनीची आहे असे मनकर्णाने पहिल्यांदा आळीत सांगितले, तेव्हा बायकांनी विचारले होते, "किती तोळ्याची गं?" शहादेवच्या लेखी या सगळ्यांनी तो शब्द उसना नेला होता. चेन म्हणजे दागिना नव्हे, लोखंडही नव्हे. चेन म्हणजे शंभर फूट. साहेब लोक नव्या माणसाला सांगत, "शहादेवची चेन आहे ना? मग लिहा."

तो उठला. पुन्हा बसला. मग एकदम म्हणाला, "सायेब, तात्याबाचा हात न्हाई ह्यो."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"हात सरकला तर कदी म्होरं सरकतो, कदी मागं. दीडशे डावात फिटून जातंय ते. अन् दर चेनीला मातीत रोवायची मोजणीची सुई हरवली म्हणावं तर आख्खी चेन कमी भरली असती. ह्ये दर डावाला थोडं थोडं, एकाच अंगाला गेलंय."

सुंदररावांनी मान वर केली. हे त्यांच्या पुस्तकात होते. पुस्तक तंबूत होते.

"म्हणजे?"

"चेन लांबलीय."

"आपोआप?"

"न्हाई."

दहा दिवसांपूर्वी, तात्याबा आंब्याला गेला त्याच दिवशी, बाजूच्या शेतातल्या दगडाबाईचा बैल खड्ड्यात पडला होता. खड्डा रेल्वेचाच. खालची माती बघायला छातीइतका खणला आणि उघडाच ठेवला. दगडाबाई बांधावर उभी राहून ओरडत होती, "तुमचा खड्डा, तुमीच काढा! म्हैनाभर बोंबलते, झाका म्हनून!" माणसे जमली. एका बाजूने उतार खणला, बैलाच्या पोटाखालून जाड दोराचा सोल घातला, आणि दोनदा सोल तुटला. बैल आता आडवा होऊन घरघरत होता. दगडाबाईने शहादेवच्या खांद्याकडे बोट केले.

"मंग ती साखळी काय मिरवायला हाय का रे, मुडद्या?"

"ही वढायची न्हाई, बाई. ही मोजायची हाय."

"माह्या बैलाला मोज मंग! मेल्यावर कामाला यील!"

शहादेवने चेन चार पदरी केली. दहा जणांनी ओढले. बैल वर आला, उभा राहिला, थरथरत मुतला, आणि लोक हसले. दगडाबाईने शहादेवला भाकरी दिली. संध्याकाळी त्याने उघडलेल्या कड्या हातोडीने दाबून बसवल्या आणि दोनदा मोजल्या. शंभर भरल्या. तळावर शंभर फुटांच्या दोन खुंट्या ठोकलेल्या होत्या, चेन ताणून पारखायला. तिकडे तो गेला नाही.

हे सगळे त्याने पाच-सहा वाक्यांत सांगितले. सुंदरराव खुंट्यांकडे चालू लागले. चेन ताणली. तात्याबाने मागची मूठ पहिल्या खुंटीवर धरली, या वेळी गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून. पुढची मूठ दुसऱ्या खुंटीच्या पलीकडे गेली. सुंदररावांनी पट्टी लावली. तीन इंच. मोठ्या माणसाची चार बोटे.

"बैल काढलास, ते ठीक," ते म्हणाले. "सांगितलं का नाहीस?"

"त्या वक्ताला ती नुसतं लोखंड हुती, सायेब."

"आणि नंतर?"

शहादेवने चेनीकडे पाहिले. "नंतर मी तिला परत चेन म्हनलो."

सुंदररावांनी पट्टी मिटली. "रोज सकाळी इथं चेन ताणून बघायची, असा नियम आहे," ते हळू म्हणाले. "बघायचं काम माझं होतं. मी म्हणालो, शहादेवची आहे." मग ते इकडेतिकडे पाहू लागले. "दहा दिवसांचं काम पुन्हा करायचं. रिपोर्ट द्यावा लागेल. तुझं नि माझं, दोन्ही नावं गेली तर..."

"एकच घाला," शहादेव म्हणाला. "चेन मह्या खांद्यावर हुती."

रिपोर्ट तासाभरात लिहून झाला. इंग्रजीत होता. शहादेवने अंगठा उठवला. उर्दूत आपले नाव लिहायला तो कधीकाळी शिकला होता, पण कुणी विचारले नाही.

तात्याबाने त्याला पाण्याच्या पिंपाजवळ गाठले. शहादेवची नोकरी गेली होती, त्याची राहिली होती, आणि तो संतापाने लाल झाला होता.

"कावून बोललास बे?"

"खरं हुतं म्हनून."

"मह्या डोळ्यावर गेलतं ना सगळं? जाऊ द्यायचं हुतं. डोळे तसेबी चाललेत. आज न्हाई तर होळीला काढतील मला. तुझं काय अडलं हुतं? अजून दहा वरसं वढली असतीस."

"तुला दिसत न्हाई म्हनाले असते. समद्या तुकडीत."

"दिसतच न्हाई की, येड्या!"

शहादेवने पिंपातले पाणी तांब्यात घेतले, तोंड धुतले, पुन्हा घेतले, पुन्हा धुतले.

"नवा म्होरचा गडी वढत न्हाई, हिसकतो," तो शेवटी म्हणाला. "मूठ दोन्ही हातानं धर. अन् तो थांबला, खुनंवर मूठ बसली, की मंगच हाक दे."

"शिकवू नको बे मला," तात्याबा म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शहादेव निघाला. आंब्यापर्यंत पायी, तिथून केजला जाणारी गाडी मिळाली तर बघायचे. बगलेत घोंगडी होती, खांदा मोकळा होता आणि वारा लागून गार पडत होता. तो भरभर चालत होता. माणूस मागे लागल्यासारखा.

गावाचा शेवटचा गोठा मागे पडला. पुढे सडक सरळ होती. चाळीस पावलांवर, शंभर फूट भरताच, त्याचे पाय थांबले. त्याला ते कळले नाही. उजवा हात कमरेपासून किंचित पुढे आला, मूठ वळली, आणि अंगाचा भार मागे रेलला, काही ताणून धरल्यासारखा. मागून कुणी हाक दिली नाही. मागच्या माणसाला खुणेपाशी पोचायला लागतो तेवढा वेळ तो उभा राहिला. मग पुढे निघाला, आणि चाळीस पावलांवर पुन्हा थांबला.