गुडघाभर उंबरा

मी उंबरा बोलतोय. खरं तर उंबऱ्याचा उरलेला तुकडा.

छापखान्याच्या तळघरात उतरायचा जिना रस्त्यालगतच्या दारातून सुरू होतो. त्या दारात मी गुडघाभर उंच उभा होतो. येणारा-जाणारा ठेचकाळायचा आणि शिवी मला हासडायचा.

नवी सूनबाई मात्र पहिल्याच दिवशी थबकली. "सासूबाई, हा एवढा उंच का हो?"

"आपल्याकडे असाच असतो."

कारण ठाऊक नसलं, की माणसं त्याला रीत म्हणतात.

कारण ठाऊक होतं फक्त सासऱ्यांना. त्यांच्या लहानपणी नदी रस्त्यावर आली होती आणि तळघरात खेळणारी त्यांची बहीण वर आलीच नाही. त्यांच्या वडिलांनी मला घडवून इथे बसवलं आणि घराला बजावलं, "त्या दिवसाचं नाव काढायचं नाही." कोणी काढलं नाही. पोरीचा फोटोही भिंतीवरून उतरला.

यंदा सासऱ्यांच्या मुलाने कागद वाहायला ढकलगाडी आणली. चाकं माझ्यापाशी अडायची.

"बाबा, फोडू या हा. रिमं उचलून माणसांच्या पाठी गेल्या."

सूनबाई हळूच म्हणाली, "कशासाठी बसवलाय ते तरी विचारा. एवढा दगड कोणी हौसेने आणतं का?"

"तू इतिहास शिकलीस ना, मग बस शोधत," नवरा हसला. "मला उद्याचं काम उरकायचंय."

दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी उगाच चष्मा पुसला.

"जुनं उकरून काय मिळणार? फोडा."

पावसाळ्यात नदी भर दुपारी पुन्हा रस्त्यावर आली. पाणी फार नव्हतं, जेमतेम वीतभर. मी दारात असतो तर बाहेरच अडलं असतं. मुलगा खाली कागद उंचावर रचत होता. सगळा रस्ता त्या एका जिन्यावरून खाली कोसळला. तोही वर आलाच नाही.

त्यानंतर कितीतरी दिवसांनी सासऱ्यांनी तोंड उघडलं. बहिणीचं सगळं सांगितलं. सूनबाईने ऐकून घेतलं.

"बाबा, मी विचारलं होतं हो," एवढंच म्हणाली ती, आणि आत गेली.

मी आता मागच्या बोळात पडलोय. दारात नवा उंबरा बसवायचं चाललंय. जरूर बसवा. पण या घरात जो कोणी नवा येईल, त्याला दाराशी उभं करून त्या दोघांबद्दल सांगा. दगडाला पाणी अडवता येतं, छिन्नी नाही.