आमलीच्या भिंतीतला आरसा

मी भिंतीतला आरसा बोलतोय. भिंतीवरच्या आरशाला खिळा असतो. त्याला उतरवता येतं, पुसता येतं, दुसऱ्या खोलीत नेता येतं. मला चारी कडांनी सिमेंट आहे. तेरा वर्षं झाली, सिल्वासाच्या आमलीत मी याच भिंतीत आहे. समोरच्या दारातून गल्लीचा जेवढा तुकडा दिसायचा, तेवढीच माझी दुनिया.

माझा जन्म कुठला ते नीट आठवत नाही. एवढं ठाऊक आहे की, भट्टीतून काढल्यावर मला गार करताना कुणीतरी घाई केली. त्यामुळं माझ्यात, बघणाऱ्याच्या उजव्या हाताला, एक लहर राहून गेली. पाण्यावरून वारा गेला की उठते तशी. त्या जागी जे येईल ते बोटभर वर ओढलेलं दिसतं. कान आला तर कान, भुवई आली तर भुवई. वापीच्या बाजारात म्हणूनच मी बरेच दिवस पडून होतो. लोक यायचे, तोंड बघायचे, तोंड वाकडं करायचे आणि पुढं जायचे.

मला स्वस्तात उचललं बारकू न्हाव्यानं. चौऱ्याऐंशी साल होतं. बारकू नवापूरकडचा, वय तेव्हाच साठीला आलेलं. आमलीत नव्या चाळी उठत होत्या, कारखान्यांना माणसं लागत होती आणि माणसांना न्हावी लागत होता. रस्त्याकडेच्या या खोलीत त्यानं दुकान मांडलं. त्याचा पहिला आरसा टांगलेला होता. सायलीकडं माल घेऊन जाणाऱ्या ट्रकांनी भिंत हादरायची. एक दिवस तो खाली आला आणि त्याचे तुकडे झाले. म्हणून माझ्या वेळी बारकूनं राखोलीच्या भिका गवंड्याला सांगितलं, "याला असा बसव, की ट्रक काय, रणगाडा गेला तरी हलता कामा नये."

भिकानं तसंच केलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावर तोंड दिसावं म्हणून मला खाली, बसल्या माणसाच्या उंचीवर बसवलं. काम झाल्यावर भिकानं माझ्यात स्वतःला पाहिलं आणि म्हणाला, "बारकूभाऊ, यात माझा एक कान वर गेला."

"ओरडू नको," बारकू म्हणाला. "गिऱ्हाईक ऐकेल."

सहा वर्षं दुकान चाललं. मी पुष्कळ माणसं पाहिली. आरशासमोर आलं की माणूस हनुवटी वर करतो. पोट आत घेतो. मागं कुणी बघतंय का ते आधी बघतो आणि मग स्वतःकडं. धुळ्या-नंदुरबारकडचे कामगार होळीला गावी जायच्या आधी येऊन बसायचे. "बाबा, जरा शहरी काढा. कंपनीत आहे म्हणून गावात कळलं पाहिजे."

"केसांनी कळतं होय रे? पगारानं कळू दे."

बारकू माझ्यावर कधीच विसंबला नाही. दोन्ही कानांच्या वर दोन बोटं टेकवायचा, डोळे अर्धे मिटायचा आणि बोटांनी माप घ्यायचा. एखादा म्हणालाच, "बाबा, उजवीकडं जास्त गेलं वाटतं," की बारकू त्याची खुर्ची जरा सरकवायचा. "आता बघ." आता बरोबर दिसायचं. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. खरं काय ते बारकूनं कुणाला सांगितलं नाही. आरसा खोटा आहे असं कुठला न्हावी सांगेल?

पुढं त्याचा हात कापायला लागला. नव्वद साली त्यानं दुकान बंद केलं आणि दोन गल्ल्या सोडून लेकाकडं राहायला गेला. जाताना मला न्यावं असं त्याच्या मनात होतं. छिन्नी घेऊन बसला. एक कोपरा ठोकला तशी माझी कड चिरली. त्यानं छिन्नी ठेवली. "राहा बाबा," म्हणाला. "तुला भिकानं गाडलाय." माझ्यावरून एकदा पालथा हात फिरवला आणि गेला. मी तसाच.

मग खोलीत लखन आला, त्याची बायको केसरबाई आणि त्यांची कावेरी. लखन सायलीच्या सुताच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला. दुकानाची खुर्ची नव्हती, त्यामुळं माझ्यात बघायचं तर खाली पाटावर बसावं लागायचं. कावेरी रोज बसायची. बारा वर्षांची होती तेव्हापासून माझ्यासमोर वेणी घालत आली. तिच्या लक्षात लहर आली नाही. वेणीला लहर कळत नाही. मधला भांग पाडला, दोन वेण्या मागं टाकल्या, झालं.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कावेरी दहावीत होती. परीक्षेच्या फॉर्मवर फोटो लावायचा होता. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, शनिवारी दुपारी बारापर्यंत फोटोसकट फॉर्म आला पाहिजे. कावेरीचा एकटीचा फोटो आजवर कधी निघालाच नव्हता. बाजारातल्या स्टुडिओच्या काचेत एका मुलीचा मोठा फोटो लावलेला होता. तिच्या कपाळावर कापलेली झुलपं होती, अगदी भुवयांवर ओळीत. ते कावेरीच्या मनात भरलं.

बुधवारी सकाळी बाप पाळीला, आई नळावर. कावेरीनं कात्री घेतली आणि माझ्यासमोर पाटावर बसली. पुढचे केस कपाळावर ओढले आणि कापले. पहिल्यांदा छान कापले हो! सरळ, नीट. पण तिनं माझ्यात पाहिलं, तर उजवीकडचं वर गेलेलं. म्हणून तिनं डावीकडचं कापलं. कापताना डोकं जरा सरकलं, लहर दुसऱ्या बाजूला पडली. आता डावीकडचं वर दिसायला लागलं. तिनं उजवीकडचं कापलं. पुन्हा पाहिलं. पुन्हा कापलं.

मी काय करू शकत होतो? ओरडायला तोंड नाही. पडायला खिळा नाही. ट्रक गेला, भिंत हादरली, मी जागचा हललो नाही. भिकाचं काम पक्कं होतं. पोर कापत गेली आणि मी दाखवत गेलो.

केसरबाई हंडा घेऊन आत आली, तेव्हा कावेरीच्या कपाळावर ब्रशासारखे खुंट उभे होते. एका बाजूला दोन बोटं, दुसऱ्या बाजूला एक.

"अगं माय वं! हे काय करून बसली?"

कावेरी पाटावरून उठली आणि कोपऱ्यात जाऊन डोक्यावरून ओढणी घेऊन बसली. शेजारची मंजुळाबाई दारात डोकावली. "काय वं केसर, कंपनीचं मशीन फिरलं का पोरीच्या डोक्यावरून?"

"जा वं तू, तुझी डाळ लागली असेल खाली."

दोन दिवस पोर घराबाहेर पडली नाही. शाळा नाही, फोटो नाही. आई बाहेर गेली की यायची, माझ्यासमोर बसायची, ओढणी वर करायची, बघायची आणि परत कोपऱ्यात जायची. ती खोलीत अडकलेली आणि मी भिंतीत. दर वेळी मी तिला आहे त्याहून वाईट दाखवलं. ते मला आजही सोसत नाही.

गुरुवारी लखन पाळीवरून आला, हातपाय धुतले आणि लेकीजवळ बसला. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता.

"कावेरी, फोटोला जायचं का?"

तिनं ओढणीतून मान हलवली. नाही.

"शाळेत?"

नाही.

लखन उठला आणि बायकोला म्हणाला, "पोरीला शिकायचं नाही, मी जबरदस्ती कशाला करू? मुकादम कधीचा विचारतोय, पॅकिंगला पोरी पाहिजेत म्हणून. शनिवारपर्यंत फॉर्म भरला तर भरला. नाहीतर सोमवारपासून माझ्याबरोबर सायलीला."

कावेरीनं ऐकलं. ओढणीखाली तिचे खांदे हलताना मला दिसले. पण ओढणी तिनं खाली घेतली नाही. लाज अशी असते. माणूस नोकरीला जाईल, पण हसू करून घ्यायला बाहेर पडणार नाही.

शुक्रवारी लखन पाळीला गेल्यावर केसरबाई बारकूला बोलवायला गेली. सहज नव्हती गेली. त्यांच्या लोकांत बाईच्या केसांना न्हाव्याची कात्री लागू देत नाहीत. ती कात्री बाईच्या डोक्याला लागते ती वाईट प्रसंगी, नवरा गेल्यावर, अशी समजूत. आणि कावेरी तर लग्नाची पोर.

बारकू काठी टेकत आला. तीन वर्षांनी मी त्याला पाहत होतो. हात आता जास्तच कापत होता. केसरबाई दारातच म्हणाली, "बाबा, कात्री तुमची लागू नये. लोक नावं ठेवतील. नुसतं सांगा काय करायचं."

"माझ्या हातात कात्री दिलीस तर नाक कापीन मी तिचं," बारकू म्हणाला. "कात्री तू धर. माप मी सांगतो. बसव पोरीला."

कावेरी सवयीनं माझ्यासमोर पाटावर येऊन बसली. ओढणी खाली आली. बारकूनं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा तिच्याकडं. मग जागीच बसला.

"पोरी, हे तू यात बघून कापलंस?"

"हो बाबा. सारखं करायला गेले. जेवढं सारखं करावं तेवढं वाकडं व्हायचं. माझ्या हातालाच काही येत नाही."

"हाताला कशाला बोल लावते? हा आरसा खोटा आहे. या बाजूला लहर आहे त्यात. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. धंद्यासाठी गप्प बसलो. खोली सोडताना तरी तुझ्या बापाला सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. चूक माझी आहे, बाय."

कावेरी त्याच्याकडं बघत राहिली. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी तिला सोडून दुसऱ्या कुणाला दोष दिला होता. ती मोठ्यानं रडली. बारकूनं रडू दिलं.

मग म्हणाला, "केसर, आधी याला झाक."

केसरबाईनं लखनचा टॉवेल माझ्यावर टाकला. मला अंधार झाला. पुढचं मी ऐकलं तेवढंच.

"पाणी लाव. मधला भांग मोड. डावीकडून पाड, कानाच्या रेषेत. आता मागचे लांब केस पुढं घे, या खुंटांवर. हां. माझी दोन बोटं तिच्या कपाळावर आहेत, तिरपी. बोटाच्या खाली काप. वर नाही, बाई, खाली! मी अजून जिवंत आहे, बोट लागतं मला."

कात्रीचा आवाज.

"आता थोडं तिरपं जाऊ दे. सरळ करायला गेलं की वाकडं दिसतं. तिरपं कापलं की मुद्दाम केल्यासारखं दिसतं. खुंट राहिले ते पाण्यानं खाली चापून दोन पिना लाव."

"बाबा, हसतील का?" कावेरीचा आवाज.

"चार दिवस हसतील. पाचव्या दिवशी कुणाचं तरी दुसरं काही निघेल. आणि भुवया वर घेऊ नको. घाबरलेलं माणूस भुवया वर घेतं, म्हणजे केस आणखी आखूड दिसतात. बघू. खाली घे. अशी."

कुणीतरी हसलं. मला वाटतं केसरबाई.

"दिसते कशी?" कावेरीनं विचारलं. टॉवेलाला तिचा हात लागलेला मला कळला.

"त्याला विचारू नको," बारकू म्हणाला. "आईला विचार."

मग केसरबाई म्हणाली, "तुझ्या आजीसारखी दिसतेस. तीही असाच भांग पाडायची." आणि लगेच, "चल, ऊठ. स्टुडिओवाला जेवायला जाईल."

चपलांचा आवाज दारातून बाहेर गेला. मंजुळाबाईनं काहीतरी म्हटलं आणि कावेरीनं तिला उत्तर दिलं. काय दिलं ते ट्रकच्या आवाजात गेलं. पण दिलं.

शनिवारी सकाळी फोटो आले. फॉर्म बाराच्या आत गेला. त्या दुपारी लखनला जेवायला वाढताना केसरबाईनं उरलेला फोटो ताटाशेजारी ठेवला. लखननं घास थांबवला, हात पुसला आणि फोटो उचलला. बराच वेळ पाहिला.

"मुकादमाला नाही म्हणून सांगतो," एवढंच म्हणाला.

कावेरी दहावी झाली, पुढं बारावीही झाली. शहाण्णव साली ती माणसं खोली सोडून गेली. आता इथं एका कारखान्याचे खोके रचतात. माझ्यासमोर खोक्यांची भिंत आहे. दार दिसत नाही, गल्ली दिसत नाही. ट्रक गेला की खोके जरा थरथरतात, तेवढीच हालचाल.

मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. मला काढायचं तर भिंत फोडावी लागेल, आणि भिंत कोण फोडतो माझ्यासाठी? पण खोके कधीतरी हलतील. खोलीत पुन्हा कुणी राहायला येईल. त्या घरात एखादी पोर असेल, हातात कात्री किंवा फणी घेऊन ती माझ्यासमोर खाली बसेल, आणि उजवीकडं काहीतरी कमी पडलंय असं तिला वाटेल. तुमच्यापैकी जो कुणी तिथं असेल त्यानं तिला आधीच सांगावं, बाबांनो. मला सांगता येत नाही.