पंचेचाळीस सेंटीमीटर

रेघ माझ्याच नवऱ्यानं रंगवली, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं.

तो पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, गाड्या लावू नका म्हणणाऱ्या. त्याचा हात इतका सरळ की पट्टी लागत नाही. म्हणून पाणीखात्यानं त्याला बोलावलं. त्यानं पुलाच्या तिसऱ्या खांबावरची धोक्याची लाल रेघ राखाडी रंगाचे दोन हात देऊन बुजवली आणि पंचेचाळीस सेंटीमीटर वर नवी ओढली. एका दुपारचं काम. घरी येऊन रॉकेलच्या बोळ्यानं बोटं पुसत म्हणाला, "छान आलीये. लांबूनसुद्धा दिसते."

त्याच खांबावरची मोजपट्टी मी वाचते. तीच माझी नोकरी. एरवी दिवसातून तीनदा, नदी चढली की दर तासाला. पुलाखालच्या पायऱ्यांवर उभं राहायचं, आकडा बघायचा, कंट्रोल रूमला फोन करायचा. पाणी लाल रेघेला लागलं की भोंगा वाजतो, आणि आमची काठावरची गल्ली, चाळीस घरं, उठून टेकाडावरच्या शाळेत जाते.

सासरे सांगायचे की त्यांच्या उभ्या आयुष्यात भोंगा तीनदा वाजला. गेल्या वर्षी एकाच हंगामात सातदा वाजला. सातही वेळा बिऱ्हाड डोक्यावर घेऊन चढण चढायची, चाळीस घरांनी दोन संडासांपुढे रांग लावायची, बाकांवर आडवं व्हायचं. चार वेळा पाणी घरात आलं, तीन वेळा दारापर्यंत येऊन परत गेलं. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या तीन वेळा.

रेघ वर न्या, असा अर्ज लोकांनीच केला. पहिली सही सासूबाईंची.

"आई, रेघ वर नेली म्हणून पाणी थांबणारे का?" मी विचारलं होतं.

"पाणी नाही गं थांबत. निदान भोंगा तरी थांबेल. माझे गुडघे बघ."

गुडघे मी रोज बघते. तेल मीच चोळते. 

काठाला भिंत बांधायची फाईल आठ वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आहे. वरच्या डोंगरावर झाडं लावायची आणखी एक फाईल आहे म्हणतात, ती मी पाहिलेली नाही. रेघेची फाईल मात्र तीन आठवड्यांत सुटली. खात्याचे साहेब गल्लीत येऊन म्हणाले, "सारखं धोका धोका केलं की लोक धोक्याला भीक घालत नाहीत." लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेन. कडेवर ठकी होती, तिला झोप आली होती, मला तिच्याहून जास्त.

ठकी आमची मुलगी. दहा महिन्यांची. रांगते, आणि रांगते म्हणजे सुटते. आमच्याकडे पलंग एकच, तो सासूबाईंचा. बाकी सगळे जमिनीवर.

त्या दिवशी दोन वाजता पाणी सहा मीटर बारा सेंटीमीटरवर होतं. जुनी रेघ सहा वीसवर होती, नवी सहा पासष्टवर. वरच्या धरणाचे दरवाजे सकाळीच उघडले होते. ठकीला पाजायला मी पळत घरी आले. सासूबाई ओट्याशी पाठमोऱ्या होत्या, आणि ठकी मोरीपाशी बसून थापट्या मारत होती. मोरीच्या जाळीतून पाणी वर आलं होतं. दोन बोटं असेल. काळं, वास मारणारं. माझ्याकडे बघून ती खुदकन हसली, की बघ, मला काय सापडलं.

मी तिला उचललं, पाय धुतले, पाजलं. पाजताना हिशेब केला. तासाला सहा सेंटीमीटर. नवी रेघ गाठायला रात्रीचे अकरा वाजणार. अकराला भोंगा वाजेल, अंधारात गल्ली उठेल. तोवर मोरीतलं पाणी कधीच खोलीभर झालेलं असेल, आणि जमिनीवर झोपलेली पोरं आमच्या एकट्या घरात नाहीत.

"आई, आपण शाळेत जाऊ या."

"भोंगा वाजला?"

"नाही."

"मग काय हौस आलीये का? चार दिवस सुखानं बसू दे गं बाई."

समोरच्या शिंपीणकाकू दारातच शिवत होत्या. त्यांना म्हटलं, तर मशीन न थांबवता म्हणाल्या, "तुझ्याच नवऱ्यानं रंगवलीये ना रेघ? मग तिला लागू दे की पाणी."

तीन वाजता मी पायऱ्यांवर होते. सहा अठरा. दोनदा बघितलं. मग फोन लावला. कंट्रोल रूमचा ऑपरेटर तसा भला माणूस, रोज ठकीची चौकशी करतो.

"बोला ताई."

"मोरीतून पाणी वर येतंय. गल्ली आत्ता, उजेडी हलवली तर..."

"ताई, माझ्या वहीत मोरीला रकाना नाहीये. आकडा सांगा."

"रात्रीपर्यंत रेघ गाठेल असं वाटतं."

"वाटण्यालाही नाही."

खांबाकडे बघितलं. रेघ खरंच सुबक आली होती.

"सहा सहासष्ट," मी म्हटलं.

वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मागच्या तासाला सहा बारा सांगितलंत. तासात चोपन्न? चष्मा लावलाय ना?"

"चष्मा ठकीनं मोडला. पण दिसतं मला."

"परत बघून सांगा."

मी बघितलं नाही. तेवढा वेळ नुसती उभी राहिले. "सहा सहासष्ट."

"लिहितो," तो म्हणाला. आवाजावरून कळलं, पटलेलं नाही. पण रकान्यात बसणारं होतं.

पाच मिनिटांत भोंगा वाजला.

लोक उठले. कुरकुरत, एकमेकांवर खेकसत, पण उठले. उजेड होता म्हणून म्हाताऱ्यांना चढण दिसत होती. नवऱ्यानं शिंपीणकाकूंचं मशीन टेबलावर चढवून दिलं, मग आईंना हात दिला. चढता चढता माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मी येताना पुलावरून आलो. रेघ कोरडी होती."

"हो."

त्यानं ठकीला माझ्याकडून घेतलं आणि पुढं चालायला लागला. लग्नाला चार वर्षं झाली. त्या एका गोष्टीसाठी मी त्याला बरंच काही माफ करेन.

संध्याकाळी पाणी घरांत शिरलं. रात्री नऊला सहा अडतीसवर थांबलं आणि पहाटे उतरलं. नव्या रेघेपासून सत्तावीस सेंटीमीटर खाली.

सकाळी साहेब आले. खांबावरची ओली खूण त्यांनी बघितली, मग आमच्या घरात डोकावले. भिंतीवर चिखलाची कड उमटली होती, घोट्याच्या जरा वर.

"घोटाभर पाण्यासाठी चाळीस घरं उठवलीत?" ते म्हणाले. ओरडले नाहीत. तेही रात्रभर जागेच होते, दाढी वाढली होती.

"साहेब, माझी मुलगी रांगते, जमिनीवर झोपते. एवढं पाणी तिच्या नाकाच्या वर जातं."

"मग तिला पलंगावर ठेवायची."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांना खरंच ते उत्तर वाटत होतं.

ऑफिसात त्यांनी कोरा कागद पुढे केला. "नजरचूक झाली, असं लिहा. मी वर सांभाळून घेतो. मुद्दाम सांगितलं असं निघालं तर नोकरी जाईल, आणि मला ते नकोय."

 वाटलं होतं, खरं काय ते लिहीन. चार वर्षांचे आकडे मला पाठ आहेत, कुठल्या आकड्याला कुणाच्या उंबऱ्याला पाणी लागतं तेही. पण मी गेले तर पायऱ्यांवर दुसरं कुणी तरी येईल, ज्याला गल्लीतलं एकही मूल माहीत नसेल. मी लिहिलं, नजरचूक झाली. खाली सही केली.

"आणि आता आकड्याबरोबर फोटो पाठवायचा," साहेब कागद घडी करत म्हणाले. "पट्टीचा. दर वेळी. वरून आदेश आलाय."

म्हणजे ती वाटही बंद झाली. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

घरी आले तेव्हा नवरा खराट्यानं चिखल बाहेर काढत होता. सासूबाई ठकीला घेऊन पलंगावर बसल्या होत्या, आणि ठकी खाली उतरायला धडपडत होती.  आई म्हणाल्या, "अंगठा दुखतोय. हिला धरून धरून." मग जरा वेळानं, भिंतीवरच्या त्या कडेकडे बघत, "हे एवढं आपण झोपेत असताना आलं असतं तर मला मेलीला जागही आली नसती."

बाहेर शिंपीणकाकू दारात उभ्या होत्या.

"घोटाभर पाणी," त्या मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "घोटाभर पाण्यासाठी रात्रभर बाकावर. माझी कंबर गेली."

"चुकलं, काकू."

"चुकलं म्हणे."

त्यांच्या खोलीतला चिखल काढून झाला होता. मशीन मात्र अजून टेबलावरच होतं, आणि दाराच्या आत, हाताला लागेल असं, चादरीत बांधलेलं बोचकं तसंच होतं, गाठ न सोडलेलं.

"हे सोडलं नाहीत?" मी विचारलं.

"असू दे." त्यांनी पायानं ते जरा आत ढकललं. "तू किती वाजता जाणार पायऱ्यांवर?"

"चारला."

"मग येताना इकडून ये," त्या म्हणाल्या. "त्यांना काय सांगायचं ते सांग. मला खरं सांग."