घंटा, शेगडी आणि टेमर

केंटकीतल्या त्या नदीकाठच्या गावात चर्चच्या मालकीच्या तीनच मोलाच्या वस्तू होत्या: घंटा, लोखंडी शेगडी आणि टेमर. एका पुण्यवान म्हातारीने मरताना आपली गुलाम टेमर चर्चला दान केली होती. दर नववर्षाला चर्च तिला कुणाकडे तरी धुणं धुवायला भाड्याने देई आणि त्या भाड्यातून पाद्रीबुवांचा पगार निघे. पाद्रीबुवा तिच्या आत्म्याची काळजी वाहत. पोटाचं तिचं तिनेच बघायचं.

मग गुलामगिरी हे पाप की देवाची आज्ञा, यावरून चर्चमध्ये जुंपली. वॉशिंग्टनात पुढारी एकमेकांना काठीने बडवत होते, मग आपणच मागे का राहायचं, असं गावाला वाटलं असावं. पंच प्रॅदर म्हणाले, देवाची आज्ञा. पंच हॉलिस्टर म्हणाले, घोर पाप. टेमरला हॉलिस्टरांचं भाषण इतकं आवडलं, की चर्च झाडताना ती त्यांचा बाक जरा जास्तच चकचकीत पुसू लागली. चर्च फुटलं की आपण सुटलो, अशी तिची खात्रीच झाली.

चर्च फुटलं. वाटण्या झाल्या. घंटा प्रॅदरांकडे गेली, शेगडी हॉलिस्टरांकडे. राहिली टेमर.

"ही पापाची वस्तू आमच्या वाट्याला नको," हॉलिस्टर म्हणाले.

टेमरचा जीव कानात गोळा झाला.

"विकून टाका. आमचा अर्धा हिस्सा रोख द्या. नवं चर्च बांधायचंय."

"सोमवारी दक्षिणेतला गुलामांचा दलाल येतोच आहे," प्रॅदर खुशीत म्हणाले.

तिला राहवलं नाही. "साहेब, माणूस विकणं पाप, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"आहेच. म्हणून तर हा शेवटचा व्यवहार. नव्या चर्चमध्ये आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करू, टेमर."

"नाव घेऊन करा हो. नाहीतर देव भलतीलाच सोडवायचा."

प्रॅदरांचा तिला कधी राग आला नव्हता. त्यांच्याकडून अपेक्षाच नव्हती. हॉलिस्टरांचा मात्र भयंकर संताप आला.

सोमवारी दलाल आला. प्रार्थनेशिवाय चर्चचा व्यवहार सुरू होत नसे, आणि 'आमेन' होईपर्यंत डोळे उघडणं म्हणजे देवाचा अपमान. प्रॅदरांनी प्रार्थना सुरू केली. विरुद्ध पक्षाची प्रार्थना एकटीच वर जाते म्हटल्यावर हॉलिस्टरांनी आपली वरच्या पट्टीत लावली. आधी 'आमेन' म्हणेल तो हरला! सगळे डोळे घट्ट मिटून उभे. दलालसुद्धा, धंदा होता त्याचा.

टेमरने मळक्या कपड्यांचं गाठोडं उचललं आणि ती धक्क्यावर गेली. नावाडी ओळखीचा होता. पलीकडची धुणीही तीच आणायची.

"चर्चमध्ये एवढा आरडाओरडा कसला गं?"

"प्रार्थना चाललीय."

"लांबेल?"

"हो. देव कुणाचा ते ठरायचंय."

पलीकडे ओहायोत गुलामगिरी नव्हती, पण पळून आलेल्यांना पकडून परत नेत; तिथे फिनियास नावाच्या स्वतंत्र काळ्या चांभाराने तिला घरात लपवलं. काही दिवसांनी तो बाजारातून एक छापील पत्रक घेऊन आला.

"ताई, तुला पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलंय. खाली प्रॅदरांची सही आहे."

"असणारच."

"आणि हॉलिस्टरांची. त्यांची वर आहे."

टेमर हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, ते तिने मुठीने पुसले.

"कॅनडा किती लांब आहे, दादा?"

"लांब आहे. थोडे दिवस थांब, ते आपापसात भांडतील."

"देवाबद्दल भांडतील," ती गाठोडं बांधत म्हणाली, "माझ्याबद्दल त्यांचं एकमत झालंय."